टॉवेलच्या कटिंगचा कागद आणि नॅनोसेल्युलोजची पेस्ट: ड्रम मागवण्याआधी वाचा

५० किलोचा निळा प्लास्टिकचा ड्रम. झाकण काढलं की आत पांढरी, घट्ट विरजलेल्या दह्यासारखी पेस्ट. डाव घालून काढला तर खड्डा तसाच राहतो. ढवळायला लागलं की पातळ होते, हात थांबला की पुन्हा बसते. लेबलावर ‘नॅनोसेल्युलोज, घन भाग ३ टक्के’. म्हणजे ड्रममध्ये माल दीड किलो आणि पाणी साडेअठ्ठेचाळीस किलो. सोलापूरपर्यंत टेंपोचं भाडं भरून आपण मुख्यतः पाणी आणतो, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचावं.

निकाल आधीच सांगून टाकू. टेरी टॉवेल आणि चादरीच्या कटिंगपासून हातकागद करणाऱ्यांसाठी माल चांगला आहे, पण कोरड्या लगद्याच्या २ टक्के कोरडा माल एवढ्यापर्यंतच, आणि लगदा नीट धुतलेला असेल तरच. सूत गुंडाळायच्या कागदी कोनाला लागणाऱ्या बोर्डासाठी अर्धामुर्धा उपयोगाचा. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, मिसळलेल्या लगद्यात घालूच नये. आणि स्टार्च नीट शिजवून घालायची सवय ज्या युनिटला अजून लागलेली नाही, त्यांनी हा खर्च सध्या करू नये. तीच ताकद बऱ्याच अंशी स्वस्तात मिळते.

पेस्ट नेमकं करते काय

कापसाचा तंतू म्हणजे जवळपास निखळ सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यात हेमिसेल्युलोज असतं. ते पाणी धरतं, फुगतं आणि तंतूला तंतू चिकटायला मदत करतं. कापसात ते नावापुरतं. म्हणून चिंध्यांचा कागद फाडायला चिवट असतो, पण वरून बोट फिरवलं की लव उठते आणि बर्स्टला, म्हणजे दाबानं फुटायच्या चाचणीला, अपेक्षेपेक्षा कमी भरतो. यावर जुना उपाय म्हणजे बीटर, लगदा रगडायचं यंत्र, जास्त वेळ चालवणं. रोल आणि बेडप्लेटमध्ये तंतू रगडला गेला की त्याची साल सुटते, अंगावर बारीक केस येतात आणि हे केस एकमेकांत गुंतून कागद बांधतात. पण त्याच रगडण्यात तंतू तुटतोही. चार-सहा तासांनी कागद खडखडीत होतो खरा, मात्र फाडून पाहिला तर चिवटपणा गेलेला असतो, आणि विजेचा मीटर तेवढा वेळ फिरलेला असतो.

पेस्टमध्ये असतात ते हेच केस, आधीच सुटे केलेले. जाडी काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत, लांबी काही मायक्रॉन. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे पेस्टमधल्या या केसांच्या शेकडो पट. लगद्यात हे केस दोन तंतूंच्या सांध्यावर आणि मधल्या पोकळीत बसतात. कागद सुकताना पाणी निघून जातं, तसे ते तंतूंना जवळ ओढतात आणि हायड्रोजन बंधांची संख्या वाढते. त्यामुळे बीटर कमी चालवून तंतू लांब ठेवता येतो आणि बांधणीचं काम पेस्टवर सोपवता येतं. सगळा फायदा या एका अदलाबदलीत आहे. बीटरचा वेळ पूर्वीइतकाच ठेवून वर पेस्ट ओतली, तर लगदा नुसता चिकट होतो आणि पाणी सोडत नाही. एक तृतीयांश वेळ कमी करून सुरुवात करावी.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या आयटीटी रेयॉनियर कंपनीच्या प्रयोगशाळेत दुधाच्या होमोजिनायझरमधून लगदा पुन्हा पुन्हा दाबून काढून ही जेल तयार केली गेली. तिच्यावरचे शोधनिबंध १९८३ मध्ये छापून आले. पुढची कित्येक वर्षं गाडी अडली ती विजेवर. आधी कसलीही प्रक्रिया न करता लगदा इतका बारीक करायला टनामागे २५ हजार युनिटपर्यंत वीज लागते असे आकडे होते. आधी एन्झाइम लावून तंतू सैल करायचं तंत्र आल्यावर हा खर्च कित्येक पट उतरला आणि माल विकण्याजोगा झाला. आपल्याकडे माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसाच्या लिंटरपासून (सरकीवर उरलेल्या आखूड तंतूंपासून) नॅनोसेल्युलोज करायचा पथदर्शी प्रकल्प आहे. कटिंगवाल्यांनी तिकडे एक चक्कर मारायला हरकत नाही.

ड्रम आला की आधी तपासणी

नावाखाली तीन वेगवेगळे माल विकले जातात. यांत्रिक पद्धतीनं केलेली पेस्ट, म्हणजे एमएफसी, आपल्याला हवी. दुसरी टेम्पो पद्धतीची (मालवाहू टेंपो नव्हे, ते रसायनाचं नाव आहे). टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास दाखवलेली ही पद्धत. तिच्यातले तंतू फार बारीक आणि सगळे सारखे, जेल जवळपास पारदर्शक, अंगावर ऋण भार भरपूर. दिसायला देखणी, पण आपल्या बोअरच्या पाण्यात तिचं जमत नाही. त्याचं कारण पुढे येईल. तिसरा प्रकार सीएनसी, ॲसिडनं केलेले आखूड दांडके. त्यांची लांबी शे-दोनशे नॅनोमीटरची. ते गुंतत नाहीत, म्हणून कागदाच्या ताकदीला फारसे कामाचे नाहीत. विक्रेता ‘नॅनो म्हणजे नॅनो’ म्हणाला तर त्याला हाच फरक विचारावा. कोरडी पावडर देतो म्हणाला तर जास्तच सावध राहावं. हे तंतू एकदा पूर्ण सुकले की एकमेकांना असे धरतात की पाण्यात घातल्यावर पुन्हा पूर्ण सुटत नाहीत. ड्रमच्या काठाला जी पापडी धरते तिचंही तसंच. ती खरवडून पेस्टमध्ये मिसळू नये, फेकावी.

घन भाग स्वतः मोजावा. ड्रमच्या वरून, मधून आणि तळातून १०-१० ग्रॅम पेस्ट तीन स्टीलच्या वाट्यांत काढायची, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. ३ टक्क्यांच्या मालात प्रत्येक वाटीत ०.३ ग्रॅम उरायला हवं. साधा किचनचा वजनकाटा इथे चालत नाही, सोनाराच्या काट्यासारखा मिलिग्रॅम दाखवणारा लागतो. तिन्ही वाट्यांत फरक पडला तर वाहतुकीत पाणी सुटलेलं असतं. तसा ड्रम आधी ढवळून एकजीव करावा, मगच डोस मोजावा. २.४ टक्क्यांची पेस्ट ३ टक्के समजून घातली की प्रत्येक घाण्यात पाचवा हिस्सा माल कमी पडतो आणि मग ‘पेस्टनं काही फरक पडला नाही’ असं म्हणायची वेळ येते.

दुसरी तपासणी काचेच्या उभ्या नळीत. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम कोरड्या मालाइतकी पेस्ट, म्हणजे ६७ ग्रॅम, मिक्सरमध्ये चांगली फिरवून रात्रभर ठेवायची. चांगला माल सकाळीही बऱ्यापैकी वर तरंगत राहतो, ढगासारखा. तळाशी घट्ट पांढरा थर आणि वर स्वच्छ पाणी दिसलं, तर तो बारीक दळलेला लगदा आहे. नॅनो फक्त लेबलावर.

तिसरी नाकानं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि ही पेस्ट म्हणजे जिवाणूंना ओलं खाद्य. आंबूस वास आला, पेस्ट सैल पडली किंवा वर गुलाबी-करडे ठिपके दिसले, तर तिच्यातले तंतू एन्झाइमनं खाल्ले जाऊ लागलेत. मालात जंतुनाशक घातलंय का आणि कोणतं, हे लेखी मागावं. ड्रम सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावा, झाकण घट्ट असावं, आणि उघडलेला ड्रम दोन-तीन आठवड्यांत संपवावा. उन्हाळ्यात मोठी खरेदी करूच नये.

आधी कटिंग, मग पेस्ट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांतून येणाऱ्या कटिंगच्या पोत्यात तीन शत्रू असतात. पहिला पॉलिएस्टरचा शिवणधागा आणि बॉर्डरची चकाकी जर. बीटर त्यांना फक्त तोडतो, फुलवत नाही, आणि तावावर ते केसासारखे उभे राहतात. काठ-शिवण कापून वेगळी करणाऱ्या बाईची मजुरी वाचवायला जाऊ नये. दुसरा म्हणजे कापताना उडणारी धूळ. चॉपरनंतर जाळीवर झटकली की बरीच जाते.

तिसरा दिसत नाही आणि तोच सगळ्यांत महाग पडतो. टॉवेल हाताला मऊ लागावा म्हणून शेवटच्या फिनिशमध्ये सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात. ते तंतूवर पातळ थर धरून बसतं. त्या थरामुळे तंतू पाण्यात नीट फुगत नाही, तंतू-तंतूचा बंध होत नाही, पेस्टसुद्धा त्यावर घसरते. ओळखायची खूण सोपी: कटिंगचा तुकडा पाण्यावर टाका. धुतलेला तुकडा काही सेकंदांत बुडतो, सॉफ्टनरवाला तरंगत राहतो. व्हॅटमध्ये, म्हणजे ताव उचलायच्या लगद्याच्या हौदात, फेस दाटून येतो तोही बहुधा याच्यामुळेच. (काही सॉफ्टनर पाणी शोषू देणारे असतात, ते या चाचणीत सुटतात, म्हणून फेसाकडेही लक्ष असू द्यावं.) धुण्याचा सोडा आणि थोडं डिटर्जंट घालून ८०-९० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून दोनदा खळबळून घेतलं की बराच फरक पडतो. पेस्ट मागवण्याआधी एक घाणा असा धुऊन पाहा. कित्येक ठिकाणी निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

१० किलोचा घाणा

कोरडं कटिंग १० किलो, ३ टक्क्यांच्या घट्टपणाला बीटरमध्ये सुमारे ३३० लिटर पाणी. नेहमीच्या वेळेच्या दोन तृतीयांश बीटिंग.

तोवर बाजूला पेस्ट सोडवून घ्यायची. २ टक्के डोस म्हणजे कोरडा माल २०० ग्रॅम, अर्थात ३ टक्क्यांची पेस्ट ६ किलो ७०० ग्रॅम. तिच्यात ३३ लिटर पाणी घालून ४० लिटर करायचं, म्हणजे अर्ध्या टक्क्याचं पातळ द्रावण होतं. इथे हातानं किंवा काठीनं ढवळून चालत नाही. रंग कालवायचा दातेरी चकतीचा वेगवान मिक्सर हवा, २० ते ३० मिनिटं. झालं की नाही हे काचेच्या पट्टीवर चमचाभर पसरून उजेडात बघावं. साबुदाण्यासारखे पारदर्शक कण दिसले तर आणखी दहा मिनिटं.

स्टार्च १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅम, ४ लिटर पाण्यात. आधी थंड पाण्यात कालवून, मग ९०-९५ अंशांवर २०-२५ मिनिटं, दुधाळपणा जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत. स्टार्च कॅटायनिक हवा, म्हणजे धन भाराचा. आपल्या गावात सायझिंगची कांजी कुठेही मिळते, पण ती इथे बिनकामाची. तिच्यावर भार नसतो, ती तंतूला धरत नाही, पाण्याबरोबर गटारात जाते आणि गटार आंबवते.

क्रम महत्त्वाचा. आधी लगद्यात स्टार्च, पाच मिनिटं फिरू द्यायचं. मग पातळ केलेली पेस्ट, दहा मिनिटं. तंतूचा पृष्ठभाग ऋण भाराचा, पेस्टचाही ऋण. मधे स्टार्चचा थर बसला की पेस्ट तंतूवर धरते. स्टार्च आणि पेस्ट एकाच बादलीत कालवायचा मोह टाळावा, दोघं एकमेकांना धरून गोळे करतात आणि तंतूपर्यंत पोचतच नाहीत. साइझिंगचं एकेडी, म्हणजे कागदानं पाणी कमी शोषावं म्हणून घालायचं रसायन, यानंतर. पेस्टचा पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे ती एकेडीही ओढून घेते. पहिल्या घाण्यात कॉब, म्हणजे कागद शोषतो त्या पाण्याचं माप, वाढलेला दिसला तर घाबरू नये, एकेडी थोडं वाढवावं. रोझिन-तुरटीवर चालणाऱ्या युनिटनं तुरटी अगदी शेवटी घालावी, कारण ॲल्युमिनियम पेस्टला लगेच गोळा करतं.

सगळ्यांत शेवटी, व्हॅटमध्ये, बारीक माल तावात धरून ठेवणारं धारण-रसायन: कॅटायनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड, टनाला १०० ग्रॅमपासून सुरू. १० किलोला फक्त १ ग्रॅम, लिटरभर पाण्यात भोवऱ्यात भुरभुरून तासभर सावकाश फिरवलेलं आणि त्याच दिवशी वापरलेलं. जास्त पडलं की ताव उजेडात ढगाळ दिसतो, गठ्ठे-गठ्ठे. कमी पडलं तर साच्याखालचं पाणी बघा. काचेच्या ग्लासात रात्रभर ठेवल्यावर तळाशी जेलीसारखा थर बसला, तर विकत घेतलेला माल जाळीतून खाली गेला. हातकागदाच्या युनिटमध्ये एक फायदा असा की साच्याखालचं पाणी पुन्हा व्हॅटमध्येच घेता येतं, त्यामुळे निसटलेल्या मालातला काही भाग दुसऱ्या फेरीत परत येतो. पण आठवडाभर तेच पाणी फिरवलं की ते चिकट होतं.

या घाण्यातून २२ बाय ३० इंचाचे, १२० जीएसएमचे (ग्रॅम प्रति चौरस मीटर) सुमारे १९० ताव निघायला हवेत. एका तावाला ५१ ग्रॅम धरलेत.

आपलं पाणी

काळ्या बेसॉल्टच्या प्रदेशातलं बोअरचं पाणी जड. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बहुतेक युनिट बोअर आणि टँकरवर. कॅल्शियम-मॅग्नेशियम ऋण भाराच्या तंतूंना आपसांत बांधून टाकतात. यांत्रिक पेस्टवर भार कमी असल्यामुळे तिला हे बऱ्यापैकी सोसतं. टेम्पो पद्धतीची पेस्ट मात्र जड पाण्यात पातळ करायला गेलं की मिक्सरमध्येच गुठळ्या धरते. मग कितीही फिरवा. जड पाण्यात पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची साखळीही आखडते आणि डोस वाढवावा लागतो. त्यामुळे लगद्याला कोणतंही पाणी चालेल, पण पेस्ट पातळ करायला आणि रसायनं विरघळवायला, म्हणजे घाण्यामागे ५० लिटरच्या आत, आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. एवढ्या पाण्याची सोय घरगुती फिल्टरही करतो.

कुठे बिघडतं

तावावर बोटाच्या नखाएवढा चकाकणारा, मेणचटासारखा ठिपका दिसतो. उजेडासमोर धरला तर तिथे कागद तेल लागल्यासारखा पारदर्शक. तेल समजून लोक प्रेस आणि फेल्ट (ओला ताव ठेवायचं कापड) धुत बसतात. ते तेल नसतं, न सुटलेली पेस्टची गुठळी असते. ती सुकून फिल्म झालेली असते. घडी घातली की नेमका तिथे कागद तडकतो. दोष मिक्सरचा, किंवा ड्रमच्या काठची पापडी आत गेल्याचा.

पाणी उतरायला वेळ लागणं, हा या मालाचा स्वभावच आहे. साच्यातून पाणी उतरायचा वेळ घड्याळावर मोजावा. बिनपेस्टच्या तावाच्या दुपटीपुढे गेला तर डोस खाली आणावा. लिफ्टर, म्हणजे साचा उचलणारा कारागीर, वैतागून साचा लवकर उलटतो आणि फेल्टवर ताव फाटतो, त्यात त्याची चूक नाही. प्रेसलाही घाई चालत नाही. एकदम दाब दिला की पाणी बाजूनं निघायला वाट शोधतं आणि तावाच्या पोटात लाटा, चुरडलेल्या खुणा उमटतात. थोडा दाब, दोन मिनिटं थांबा, पुन्हा थोडा.

सुकवताना सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. घट्ट बांधणीचा कागद जास्त आकसतो. मार्चनंतरच्या कोरड्या वाऱ्यात दोरीवर टांगलेल्या तावाच्या कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो, आणि ताव पापडासारखा वळतो. नंतर कॅलेंडरमध्ये, म्हणजे ताव दाबून गुळगुळीत करायच्या रुळांत, घातला तर वळलेल्या जागी चिरा. अशा दिवसांत टांगण्याऐवजी गुळगुळीत फळीवर किंवा पत्र्यावर चिकटवून सावलीत सुकवावा. काम वाढतं, पण एक बाजू आयती गुळगुळीत मिळते.

रंगाबद्दल एक. पेस्ट पांढरी असली तरी रंगीत कटिंगचा ताव फिका न होता थोडा गडद दिसतो, कारण आतल्या हवेच्या पोकळ्या भरल्या की प्रकाश कमी विखुरतो. पांढऱ्या कागदात याचंच दुसरं रूप म्हणजे अपारदर्शकता घटते. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर हे आधी तपासा.

मिळतं काय

स्टार्चसकट २ टक्के डोसला ताण सहन करायच्या ताकदीत १० ते २० टक्के वाढ ही वाजवी अपेक्षा. बर्स्टही त्याच दिशेनं. याहून मोठे आकडे प्रयोगशाळेतल्या तावांवर मिळतात, तिथे सगळी पेस्ट कागदात राहते. फाडायची ताकद पेस्टनं वाढत नाही, थोडी घटूही शकते. ती राखायची तर बीटिंग कमी करणं हाच मार्ग. बर्स्टचं यंत्र बॉक्सवाल्यांकडे असतं. वाचन किलो प्रति चौरस सेंमीमध्ये येतं. त्याला १००० नं गुणून जीएसएमनं भागलं की बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर. १२० जीएसएमच्या तावाला २.४ आलं तर २० बीएफ.

गुळगुळीतपणाचं जरा समजून घ्यावं. पेस्ट तंतूंमधल्या बारीक पोकळ्या भरते आणि लव दाबून ठेवते. शाई पसरत नाही, लग्नपत्रिकेवरचं स्क्रीनप्रिंट कडेला धारदार येतं, हाताला भुसा लागत नाही. पण फेल्टची विण तावावर उमटली असेल तर ती पेस्टनं जात नाही. ते काम चांगल्या फेल्टचं आणि जस्ताच्या पत्र्यांमधल्या कॅलेंडरचं. कॅलेंडर नसलेल्या युनिटनं निव्वळ गुळगुळीतपणासाठी हा ड्रम घेतला तर पस्तावेल. आणि ज्यांचा ग्राहक खडबडीत ‘हातकागदी’ पोतासाठीच पैसे देतो, त्यांनी का घ्यावा, हाही प्रश्न आहेच.

कोनचा बोर्ड आणि बगॅस

सुताच्या कागदी कोनवाल्यांनी रद्दी क्राफ्टच्या बोर्डात पेस्ट घालायची चौकशी सुरू केली, तर त्यांना एवढंच सांगता येईल. कोनला चिरडायला न झुकणारी भिंत हवी, तिथे बांधणी वाढल्याचा उपयोग आहे. पण बोर्ड घट्ट होताना पातळ होतो, आणि वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर चालतो. ५ टक्के जाडी गेली तर त्यातून सुमारे १४ टक्के ताठरपणा जातो. शिवाय बंद पृष्ठभागात गोंद सावकाश मुरतो, वाइंडिंगवर पट्टी सरकते. आणि कोनची बाहेरची बाजू गुळगुळीत नकोच असते, पहिले फेरे धरावेत म्हणून तर तिला एमरी मारतात. मशीनवर आणखी एक हिशेब: प्रेसनंतर कोरडेपणा ४० वरून ३९ टक्क्यांवर आला की ड्रायरला सुमारे साडेचार टक्के जास्त पाणी उडवावं लागतं. वाफेचा तो खर्च पेस्टच्या बिलात दिसत नाही. घालायचीच तर १ टक्का, मधल्या थरांत.

बगॅसचं एका वाक्यात संपतं. जिल्हाभर साखर कारखाने आहेत म्हणून ते डोळ्यासमोर असतं, पण बगॅसच्या लगद्यात मुळातच बारीक चुरा आणि हेमिसेल्युलोज इतकं असतं की तो आधीच पाणी सोडायला रडतो. वर पेस्ट म्हणजे जाळीवर तळं.

खरेदी

भाव नेहमी कोरड्या मालावर विचारावा. समजा ३ टक्क्यांची पेस्ट ६० रुपये किलो सांगितली, तर कोरडा माल २००० रुपये किलो पडला. १० टक्क्यांची पेस्ट १५० रुपयांनी ऐकायला महाग, पण कोरडी १५०० रुपये आणि भाडंही तिसऱ्या हिश्शाहून कमी. मात्र १० टक्क्यांची पेस्ट सोडवायला मिक्सर जास्त दमदार लागतो. टनभर कागदाला २ टक्क्यांनी ३ टक्क्यांचे तेरा-चौदा ड्रम लागतात, हे ऐकल्यावर बहुतेकांचा उत्साह आपोआप ठिकाणावर येतो.

५० किलोच्या खाली देत नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. चाचणीला चार बादल्या पुरतात, प्रत्येकीत १ किलो कोरड्या कटिंगचा एकाच बीटरमधला लगदा: एक कोरा, एक फक्त स्टार्चचा, एक स्टार्च आणि १ टक्का पेस्टचा, एक स्टार्च आणि २ टक्क्यांचा. प्रत्येकीतून अठरा-एकोणीस ताव निघतात. पेस्ट लागते ३३३ ग्रॅम अधिक ६६७ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक किलो. सांडलं-उरलं, तपासणीला गेलं धरून दोन किलोचा डबा मागवावा, आणि दुसऱ्या बादलीतले ताव बर्स्टला लावल्याशिवाय तिसरी-चौथी बादली उघडू नये.